सप्ता, संस्था आणि सोसायटी

निफाडच्या आसपास कुठल्याही जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसा. चहा येईस्तोवर पीकपाणी, भाव आणि थंडी यांवर बोलणं होतं. चहा झाला की गाडी तीन गोष्टींवर येते: सप्ता, संस्था आणि सोसायटी. सप्ता म्हणजे गावचा अखंड हरिनाम सप्ताह. संस्था म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाज. आमच्याकडं नुसतं ‘संस्था’ म्हटलं की दुसरी कुठली कुणाच्या मनात येत नाही. आणि सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सोसायटी, जिच्या कर्जावर तालुक्याचा खरीप आणि रब्बी वर्षानुवर्षं उभा राहिला.

आमच्या आजोबांची पिढी या तिन्हींत जन्मभर गुंतलेली होती. १९१५ ते १९३५ च्या दरम्यान जन्मलेली ही माणसं. शिक्षण फार तर चौथी, एखाद्याचं व्हर्नाक्युलर फायनल. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात कुठल्या तरी बैठकीची घडी घातलेली नोटीस. आम्ही नातवंडं, चुलत-आते सगळी धरून, त्यांच्या मागेमागे वाढलो. आज आमच्यातले काही निफाडला, काही नाशिकला, दोघंतिघं पुण्यात, एक बहीण जर्मनीत. पण लग्नाकार्याला जमलो की बोलणं फिरून त्याच माणसांवर येतं. ‘अण्णा असते तर’ असं कुणी सुरू केलं की वाक्य दुसराच कुणी पुरं करतो. त्यामुळे हे लिहिणारा हात एक असला तरी आठवणी सगळ्यांच्या आहेत.

घर कादवा नदीच्या अंगाला. ओसरीवर एका खुंटीला वीणा, दुसरीला पखवाज आणि त्यांच्या खाली लोखंडी पेटी. पेटीत सोसायटीची पासबुकं, कारखान्याचे शेअर, संस्थेच्या सर्वसाधारण सभेचे अहवाल आणि तळाशी सप्त्याच्या वर्गणीची लाल बासनातली वही. देवाचं आणि गावाचं दप्तर असं एकाच भिंतीला होतं. अण्णांना, म्हणजे आमच्या आजोबांना, यात काही वेगळं वाटत नसे. सकाळी हरिपाठ म्हणायचा, मग न्याहारी, मग सोसायटीत जायचं. संध्याकाळी बैठकीहून आले की पाय धुऊन देवळात. एका कामातून दुसऱ्यात जाताना त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा नाही.

आमच्या गावचा सप्ता मार्गशीर्षात. निफाडची थंडी काय असते ते सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यभरच्या बातम्यांत झळकतो तो हिवाळ्यातच. पहाटे चारला काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर जागर. बाहेरच्याला एवढंच दिसतं. खरा सप्ता पहाऱ्याचा. सात दिवस आणि सात रात्री देवळात वीणा उभी असते. तिनं भुईला टेकायचं नाही आणि तोंडातलं नाव थांबवायचं नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात आणि त्यांची यादी देवळाच्या खांबाला डकवलेली असते. येणारा आधी वीणेला, मग विणेकऱ्याला नमस्कार करतो. विणेकरीही त्याच्या पाया पडतो. मग एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वयानं कोण थोर, याचा तेवढ्यापुरता हिशेब नसतो. सत्तरीचा म्हातारा तेरा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो, तेव्हा त्या पोराच्या पोटात काय होतं हे आम्हा भावांना ठाऊक आहे, कारण आम्ही सगळे त्या वयात तिथं उभे राहिलोय.

रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यात अवघड. कीर्तनाची गर्दी पांगलेली, सतरंजीवर चारदोन म्हातारे घोंगडी ओढून पडलेले, समईची वात मधूनच कुणीतरी पुढं सारायची. बोटं अशी गारठायची की तार छेडलेली कळायची नाही. खांबाला टेकायचं नाही, बसायचं नाही. झोप आलीच तर जागच्या जागी चालायचं. अण्णा नव्या पोराला हाच पहारा देत आणि स्वतः टाळ घेऊन शेजारी उभे राहत. सांगत काहीच नसत. पोरानं तार जोरात छेडली की त्याच्या हातावर नुसतं बोट ठेवायचे. पोरानं नाव घाईघाईत घेतलं की ते स्वतः सावकाश घ्यायला लागायचे, की दोन-चार आवर्तनांत पोरगंही हळू व्हायचं. आमच्या थोरल्या चुलतभावाला एकदा असा रंग चढला की चार वाजून गेले, पुढचा पहारेकरी समोर हात जोडून उभा, आणि हा वीणा सोडायलाच तयार नाही. अण्णा त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “वीणा तुझी नाही रे, पाळी तुझी. झाली, दे आता.”

घरात पुढं या वाक्याची म्हण झाली. पंप कुणी जास्त वेळ चालवला, मोबाइल कुणी सोडेना, गाडीची चावी कुणी दडवली, की कुणीतरी हे बोललंच म्हणून समजा. पण त्या पिढीनं गावात, तालुक्यात जे काही उभं केलं त्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे असं आम्हाला आता वाटतं. जे टिकलं ते वेळेवर पुढच्याच्या गळ्यात गेलं म्हणून टिकलं. जे बसलं ते कुणीतरी चार वाजून गेल्यावरही सोडलं नाही म्हणून बसलं.

सप्त्याची पंगत हा त्यातला दुसरा धडा. पंगतीला आमटी मोठ्या कढईत देवळामागं शिजायची आणि भाकरी घराघरांतून यायची. गोदेच्या खालच्या अंगाला सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्त्याला आसपासच्या गावांतून ट्रॅक्टरनं भाकरी जातात. आमचा सप्ता त्यापुढं लहान, पण रीत तीच. उंबऱ्यामागं ठरल्या भाकरी. श्रीमंतानं पोतं दिलं तरी भाकरी घरूनच आली पाहिजे, असा अण्णांचा हट्ट. “पैशानं सप्ता होतो, पण मग तो त्याचा होतो,” असं ते म्हणत. वर्गणीच्या वहीत नाव लहान असो की मोठं, ओळ एकच.

निफाडच्या माणसाला हा विचार नवा वाटायचं कारण नाही. महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ ला जन्मले ते या गावात. लहानपणीच कोल्हापूरला गेले, पुढं मुंबई, पुणे आणि न्यायमूर्तिपद. पण १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिताना त्यांनी एक अख्खं प्रकरण संतांना दिलं. राज्य उभं राहण्याआधी माणसं एकत्र उभी राहावी लागतात, आणि ते काम महाराष्ट्रात जातीजातींतून आलेल्या संतांनी केलं, हा त्यांचा मुद्दा. घरात पहाटे अभंग म्हणणारा हा माणूस बाहेर प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, मुलींचं हायस्कूल आणि सामाजिक परिषद अशा एकामागून एक संस्था उभ्या करायला हात देत गेला आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्याला तयार करत गेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांना त्यांनी व्याख्यानं देऊन घडवलं नाही. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम दिलं, अर्ज आणि टिपणं लिहायला लावली आणि ती तपासली. रानडे १९०१ मध्ये गेले. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, आणि १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन. रमाबाईंना रानड्यांनीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं, घरातल्या बायकांचा विरोध असताना. त्यांनी १९१० साली नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा घरगुती संग्राम आहे. अण्णांनी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण गावातल्या वैनतेय विद्यालयाची संस्था न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाची, त्यामुळे नाव ऐकून ठाऊक होतं, आणि ‘आपल्या निफाडचा माणूस’ म्हणताना ते रानड्यांचं गोत्र विचारत नसत.

आता संस्था. १९१४ साली नाशिकला उदाजी मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यातून मराठा विद्या प्रसारक समाज वाढला. धारच्या पवार घराण्यातल्या उदाजीराव महाराजांचं नाव बोर्डिंगला दिलेलं. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, अण्णासाहेब मुरकुटे, डी. आर. भोसले, कीर्तिवानराव निंबाळकर या मंडळींना आमचा जिल्हा कर्मवीर म्हणतो. कामाची सुरुवात वसतिगृहानं झाली, यातच त्यामागची समज दिसते. शेतकऱ्याच्या पोराची अडचण बुद्धीची नव्हती. नाशिकला राहायचं कुठं आणि खायचं काय, इथं गाडं अडत होतं. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद नंतर शाळाशाळांच्या भिंतीवर आलं. आधी आली ती खोली आणि भाकरी. निफाडच्या महाविद्यालयाला आज गणपतदादा मोऱ्यांचं नाव आहे. आमच्यातल्या निम्म्यांच्या पदव्या तिथल्या.

या मोठ्या नावांच्या मागं गावोगावची बिननावाची माणसं होती, आणि आमच्या आठवणीतली संस्था ती आहे. आमच्या घरी कायम परगावची एक-दोन पोरं शिकायला असत. कुणी नात्यातलं, कुणी नुसतं ओळखीचं, कुणी अण्णांना बाजारात भेटलेल्या माणसाचं. जेवण आमच्याबरोबर, झोपणं ओसरीवर, आणि बदल्यात एकच काम: रात्री सोसायटीच्या सभेला अण्णांबरोबर यायचं आणि इतिवृत्त लिहायचं. अण्णांचं अक्षर वाईट, म्हणून हा उद्योग असं आम्हाला वाटायचं. पुढं कळलं की अक्षर काही तितकं वाईट नव्हतं. पंधरा वर्षांचं पोरगं मोठ्यांच्या भांडणात बसतं, कोण काय बोललं ते नीट ऐकतं, त्यातलं कामाचं तेवढं कागदावर उतरवतं, खाली सूचक आणि अनुमोदक लिहितं. वर्षभर हे केल्यावर त्याला संस्था कशी चालते ते वेगळं शिकवावं लागत नाही. अण्णांचा नियम असा की सूचक त्यानंच व्हायचं जो ते काम अंगावर घेणार. त्यामुळे उगाच ठराव मांडणारे आपोआप गप्प बसत. त्या ओसरीवरच्या पोरांतला एक पुढं हेडमास्तर झाला, एक सोसायटीचा सेक्रेटरी, एक तलाठी. हेडमास्तर निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी सप्त्यात येतात आणि दोन ते चारचाच पहारा मागून घेतात.

कारखान्याची गोष्ट साठच्या दशकातली. काकासाहेब वाघांच्या पुढाकारानं निफाड सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि भाऊसाहेबनगरच्या चिमणीतून धूर निघाला, तेव्हा तालुक्याला आपण काहीतरी केलं असं पहिल्यांदा वाटलं. पुढं रानवडला दुसरा कारखाना झाला आणि त्याला काकासाहेबांचंच नाव दिलं. १९७० मध्ये त्यांच्या नावाची शिक्षण संस्था नाशिकला निघाली. आज जिल्ह्यात इंजिनिअर झालेल्या कुठल्याही घरात तिचं नाव निघतं. कारखान्याच्या शेअरसाठी पैसा उभा करणं सोपं नव्हतं. आमच्या घरात जिजीनं, म्हणजे आजीनं, हातातले गोठ काढून दिले. पावती आली तेव्हा तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “नाव कुणाचं टाकलंय?” नाव अण्णांचं होतं. जिजी पुढं काही बोलली नाही, पण कारखान्याची साखर घरी आली की पहिली मूठ स्वतः देवापुढं ठेवायची आणि म्हणायची, “माझ्या गोठाची.”

या प्रश्नाला अण्णांच्या पिढीकडं उत्तर नव्हतं. सप्त्याच्या भाकरी बायकांच्या, शेअरचं सोनं बायकांचं, ओसरीवरच्या परक्या पोरांचं जेवण, दुखणंखुपणं, कपडे सगळं जिजीच्या हातचं. आम्हाला शिकवलं कुणी असं विचारलं तर नाव अण्णांचं येतं. उपाशी कोण झोपलं नाही ते मात्र जिजीला माहीत असायचं. परगावचं पोरगं पहिल्या आठवड्यात रडतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती त्याला पहिल्याच दिवशी गोठ्यातल्या एका वासराचं काम द्यायची. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय असं वाटलं की पोर रमतं, हा तिचा अनुभव. सोसायटीच्या सभेत तिचं पाऊल कधी पडलं नाही आणि पहाऱ्याच्या यादीत तिचं नाव कधी लागलं नाही. देवळाच्या पायरीशी उभी राहून ती तेच नाव घ्यायची, सात दिवस.

पंगतीचंही तसंच. सगळ्यांनी जेवायचं हे खरं, पण कुणी कुठं बसायचं ते ठरलेलं असे. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हे सगळं आमच्यापासून काही कोसांवर घडत होतं आणि आमच्या आजोबांची पिढी तेव्हा लहान किंवा कोवळ्या वयात होती. पंगत एक व्हायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. जातीजातींतल्या संतांचे अभंग रोज म्हणणाऱ्या माणसांना एवढा वेळ का लागावा, हे आम्ही अण्णांना त्यांच्या म्हातारपणी विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तोंडातलं पायात उतरायला वेळ लागतो.” उत्तर पटलं नाही, पण ते लपवलंही नाही त्यांनी. त्या पिढीचा वारसा सांगायचा तर त्यांनी जे केलं नाही तेही त्यात धरलं पाहिजे.

उसानंतर द्राक्षं आली. तसं द्राक्ष तालुक्याला नवं नव्हतं. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास द्राक्ष लावल्याचं सगळे सांगतात. पण घरोघर बाग झाली ती थॉमसन सीडलेस आल्यावर. आमच्याकडं बाग लावली धाकट्या आजोबांनी, आप्पांनी, आणि शिकले ते उगावकडच्या एका बागायतदाराच्या हाताखाली. दोन हंगाम ते नुसते त्याच्या मागं फिरले. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे आणि कात्री कुठं लावायची, हे कागदावर लिहून येत नाही. काडीची जाडी, रंग, पेऱ्यातलं अंतर पाहून माल कुठल्या डोळ्यात बसलाय ते ओळखायचं. बागायतदार कात्री लावण्याआधी आप्पांना विचारायचा, “इथं का?” उत्तर चुकलं तरी तो स्वतः सांगायचा नाही, चुकीच्या डोळ्यावर एक काडी तशीच छाटू द्यायचा, तिला खूण बांधायचा आणि दीड महिन्यानं घड किती निघाले ते दाखवायला घेऊन जायचा. एक काडी गेली, पण माणूस तयार झाला. आप्पांनी पुढं आमच्या शिवारातल्या कितीतरी जणांना असंच शिकवलं आणि त्यातले काही त्यांच्यापेक्षा चांगली बाग करू लागले. आप्पा हे अभिमानानं सांगायचे, थोडं चिडूनही. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं. अशा रात्री शेजाऱ्याच्या बागेत शेकोटी दिसली नाही की आप्पा आधी त्याचं दार वाजवायचे, मग आपल्या बागेत जायचे.

या सगळ्याचा कळस आम्ही पाहिला तो ओझरला. आमच्या आत्याचं सासर त्या बाजूला. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर कालव्याच्या शेपटाला. कागदावर पाणी मंजूर, चारीत धूळ. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं तिथल्या शेतकऱ्यांना जमवलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. पाणी मोजून घ्यायचं, वाटायचं आपण, पट्टी गोळा करायची आपण, आणि वाटताना सुरुवात शेपटाकडून. ज्याच्यापर्यंत पाणी कधीच पोहोचत नव्हतं त्याची पाळी पहिली. कालव्याचं पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घ्यायच्या आणि विहिरीच्या पाण्याचाही हिशेब ठेवायचा. आत्याच्या सासऱ्यांना सुरुवातीला हे अजिबात पटत नव्हतं. वरच्या अंगाला जमीन असलेल्या माणसानं आपली पाळी शेवटी का घ्यावी? बैठका रात्र रात्र चालायच्या. शेवटी त्यांना पटवलं ते त्यांच्याच वयाच्या, शेपटाला जमीन असलेल्या एका टाळकऱ्यानं. तो म्हणाला, “तुम्ही वाढपी असता तेव्हा आधी जेवता का?” सासरे सभासद झाले.

पुढं अख्ख्या वाघाड प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या आणि सगळ्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था. २००५ मध्ये राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा केला, तेव्हा अशा प्रयोगांचा अनुभव समोर होता. देशभरची माणसं वाघाड पाहायला येऊ लागली. अण्णांना आम्ही एकदा तिथं नेलं. मापाच्या दगडी चौथऱ्यावर बसून त्यांनी पाळीपत्रक मागवून घेतलं, बोट ठेवून नावं वाचली आणि म्हणाले, “हा तर पहारा आहे.” मग विचारलं, “चेअरमन किती वर्षांनी बदलतो?” तेवढाच प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला.

कारण तोवर त्यांनी उलटंही पाहिलं होतं. खुर्चीत बसलेली माणसं, मग त्यांची मुलं, मग सुना. संस्थेच्या निवडणुकीत एका घरात दोन पॅनल. ऊस कमी होत गेला, कर्ज चढत गेलं आणि तालुक्यातल्या दोन्ही कारखान्यांच्या चिमण्या कित्येक हंगाम थंड राहिल्या. अलीकडं ते भाडेतत्त्वावर गेले. कारणांवर पैजा लागतात आणि त्यात पडण्याचं आम्हाला कारण नाही. पण जिजीचा गोठ ज्यात गेला त्या शेअरचा कागद पेटीत तसाच आहे, आणि त्याकडं पाहताना आमच्यातला कुणी ना कुणी म्हणतोच की इतिवृत्त लिहायला पोरं बसवणं जिथं थांबलं तिथून उतरण लागली. ज्यांनी सभेत कधी कान दिला नाही त्यांना सभेत एकदम भाषण करायला मिळालं.

याचा अर्थ आताच्या पोरांत दम नाही असा मुळीच नाही. दिंडोरीजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सनं द्राक्ष उत्पादकांची कंपनी करून परदेशात माल नेला, त्यात आमच्या ओळखीची किती घरं आहेत. आमच्याच घरातली एक पुतणी कृषी पदवी घेऊन काडी तपासणीची प्रयोगशाळा चालवते, आप्पा बोटानं जे ओळखायचे ते ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते, आणि शेतकऱ्याला विचारते तेच: “इथं का?” शिकवण्याची रीत आप्पांची आहे हे तिला आम्हीच सांगितलं. तिनं आप्पांना पाहिलेलंही नाही.

आमचं, मधल्या पिढीचं, काय चाललंय असा प्रश्न उरतो. आम्ही आता पन्नाशी-साठीत आहोत. सप्त्याची समिती आमच्या हाती, सोसायटीत आमच्यातलाच एक संचालक. गेल्या सप्त्याच्या आधीच्या बैठकीत पंचविशीतली पोरं-पोरी येऊन बसली आणि सरळ म्हणाली, वर्गणीची वही आणि पहाऱ्याची यादी आमच्याकडं द्या. बैठकीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं अजून लहान आहेत, कुणी म्हणालं पैशाचा मामला आहे. मग मागं बसलेले निवृत्त हेडमास्तर उठले. त्यांनी अण्णांचं ते वाक्य म्हणून दाखवलं आणि ठराव मांडला. अनुमोदक एकाच वेळी पाच उभे राहिले, ते इतिवृत्तात तसंच नोंदलं आहे.

वही हातात आल्यावर पोरांनी दोन गोष्टी केल्या. पहाऱ्याच्या यादीत अकरा मुली आणि चार सुनांची नावं घातली. रात्री दोन ते चारसुद्धा. आणि देवळाच्या खांबाला, यादीच्या शेजारी, तीन वर्षांच्या वर्गणीच्या थकबाकीदारांची नावं रकमेसकट लावली. त्यात दोन माजी सरपंच होते. सप्त्याच्या तिसऱ्या दिवशी दोघांनी पैसे भरले आणि चौथ्या रात्री पहाराही केला.